नवा थर्मोस्टॅट बसवला, पण पहाटे पावणेपाचला फर्नेस कोणाच्या हुकमाने सुरू होते?

अर्धीझोप:

नमस्कार मंडळी. आधीच कबुली देते, हे काम मी स्वतः केलंय, कोणाला न बोलावता. त्यामुळे चूक माझीच असण्याची शक्यता जास्त.

हॉलच्या भिंतीवर जुना गोल थर्मोस्टॅट होता, म्हणजे घर किती अंशांवर ठेवायचं ते घर तापवणाऱ्या भट्टीला, फर्नेसला, सांगणारा डबा. तबकडी फिरवली की आत काचेच्या कुपीत पाऱ्याचा थेंब इकडून तिकडे घरंगळतो, तो. चालत होता बिचारा. पण रात्री झोपताना खाली करायचा आणि सकाळी कुडकुडत येऊन वर करायचा, हा उद्योग दोन हिवाळे केला आणि कंटाळले. म्हणून वेळापत्रक लावता येणारा आणला. वायफाय वगैरे काही नाही, दोन सेलवर चालणारा साधासुधा.

बसवताना काय काय केलं ते सगळं सांगते, म्हणजे कुठे माती खाल्ली ते तुम्हाला कळेल. 'फर्नेस' लिहिलेला ब्रेकर पाडला. जुन्याचं झाकण काढून फोटो काढला. चार वायरी जोडलेल्या. लाल 'आर' अक्षराच्या स्क्रूवर, पांढरी 'डब्ल्यू'च्या स्क्रूवर, इथवर पुस्तकातल्यासारखं. पुढे मात्र हिरवी वाय वर आणि पिवळी जी वर! नव्याच्या माहितीपत्रकात बरोब्बर उलटं. पंधरा मिनिटं दोन्हीकडे आळीपाळीने बघत बसले आणि शेवटी रंग सोडून अक्षरं धरली. पाचवी निळी वायर केबललाच गुंडाळून ठेवलेली होती, कुठेही न जोडलेली. ती तशीच भोकात ढकलली. नवा डबा जुन्यापेक्षा लहान निघाल्यामुळे भिंतीवर जुन्या रंगाचं वर्तुळ उरलंय. त्यावरून घरात बोलणी खाऊन झाली आहेत, तुम्ही नाही बोललात तरी चालेल.

वेळापत्रक असं: सकाळी ६ ला २० अंश, साडेआठला १८, संध्याकाळी साडेपाचला परत २०, रात्री साडेदहाला १६.

आता तक्रारी.

पहिली, शीर्षकातली. मी सहाला २० मागितलेत. फर्नेस पावणेपाचला धडधडायला लागते. कधी सव्वापाच, परवा साडेपाच. एक वेळ ठरलेली असती तर घड्याळ चुकलंय म्हटलं असतं. आमची झोपायची खोली तिच्या नेमकी वर आहे.

दुसरी विचित्र आहे. वारा सुटला की फर्नेस थांबायचं नाव घेत नाही. थर्मोस्टॅट म्हणतो घरात १५ अंश, आणि दोन हातांवर कपाटात ठेवलेलं साधं तापमापक म्हणतं १९. वारा नसलेल्या रात्री दोघांचं छान पटतं.

तिसरी तक्रार म्हणजे सासरे. दुपारी थंडी वाजली की २६ करून ठेवतात, 'लवकर तापेल' म्हणून. मग उकडायला लागलं की १८. आणि त्यानंतर माझं वेळापत्रक रुसून बसतं. मंगळवारी त्यांनी १८ केलं ते शुक्रवारी मी बघेपर्यंत १८ च. तीन दिवस आम्ही घरात स्वेटर घालून वावरत होतो आणि प्रत्येकाला वाटत होतं की बाहेर थंडी वाढली आहे.

शिवाय तीन आठवड्यांत सेल संपत आल्याचं चिन्ह दिसायला लागलंय. परत करून टाकू का?

चकटफू:

सेल बदला, सगळं ठीक होईल. माझं झालं होतं.

अर्धीझोप:

बदलले. चिन्ह गेलं. फर्नेस आज पाच वाजून दहा मिनिटांनी.

जुनापेचकस:

परत करू नका. तुमचा थर्मोस्टॅट उत्तम आहे. तुम्ही सांगितलेल्या तक्रारींपैकी त्याचा दोष एकाही ठिकाणी नाही. (मी आयुष्यभर कारखान्यात तापमान मोजण्याचंच काम केलं, आता निवृत्त आहे. त्यामुळे लांबण लागेल, सोसून घ्या.)

रंग सोडून अक्षरं धरलीत, यासाठी पाठ थोपटतो. वायरीचा रंग म्हणजे आधीच्या माणसाच्या पिशवीत त्या दिवशी जे होतं ते. आर म्हणजे वीज येते ती, डब्ल्यू म्हणजे फर्नेस पेटवणारी, वाय म्हणजे थंड हवेचा कॉम्प्रेसर, जी म्हणजे नुसता पंखा. रंगावर गेला असतात तर हिवाळाभर काही कळलं नसतं आणि एखाद्या दिवशी नुसता पंखा लावायला जाऊन भर थंडीत बाहेरचा कॉम्प्रेसर चालू केला असता.

आता पहाटेचं. तुमच्या मते 'सहाला २०' याचा अर्थ 'सहाला फर्नेस सुरू कर'. थर्मोस्टॅटच्या मते 'सहाला घर २० अंशांवर असलं पाहिजे'. रोज किती वेळ लागतो हे तो टिपून ठेवतो आणि तेवढा आधी उठतो. घर जास्त गार झालं असेल तर पावणेपाच, कमी असेल तर साडेपाच. वेळ रोज बदलते तीच त्याची खूण. यंत्राच्या आतल्या सेटिंगमध्ये हे बंद करता येतं. नाव प्रत्येक कंपनी वेगळं देते, 'रिकव्हरी' किंवा 'अर्ली स्टार्ट' असं काहीतरी शोधा. बंद केलंत तर फर्नेस सहाला सुरू होईल आणि घर सातला उबदार होईल. मी असतो तर चालू ठेवून सकाळची वेळ पुढे सरकवली असती. पण माझी खोली फर्नेसच्या वर नाही.

त्याच यादीत आणखी एक आकडा बघा, फर्नेसने तासाला किती वेळा सुरू-बंद व्हायचं तो. गरम हवा फेकणाऱ्या साध्या गॅस फर्नेसला बहुधा ५ असतो, जास्त कार्यक्षम फर्नेसला किंवा गरम पाण्याच्या रेडिएटरला ३, वाफेच्या रेडिएटरला १. जुन्या गोल थर्मोस्टॅटमध्ये हेच काम एक बारीकशी गरम होणारी तार करायची. ती आतल्या धातूच्या गुंडाळीला किंचित ऊब देऊन फसवायची, म्हणजे खोली पूर्ण तापायच्या जरा आधीच फर्नेस बंद व्हायची आणि उरलेल्या उबेवर गाडी मुक्कामाला पोहोचायची. फार हुशार जुगाड होता. हनीवेलचा तो गोल टी-८७ १९५३ साली आला, आणि अजून घराघरांत भिंतीवर आहे. असो.

वाऱ्याचं कोडं सोपं आहे. झाकण काढा आणि जिथून केबल येते त्या भोकापाशी टिश्यू पेपरची पट्टी धरा, वारा असेल त्या रात्री. माझी पैज, पट्टी हलेल. भिंतीच्या पोकळीतून गार हवा येऊन थेट डब्याच्या पाठीत शिरते. थर्मोस्टॅटला तुमचा हॉल दिसत नाही, त्याच्या डब्यात जी मूठभर हवा आहे तेवढीच कळते. तुम्ही घर नाही, भिंतीची पोकळी तापवत बसला आहात. भोक पुट्टीने किंवा न जळणाऱ्या कापसासारख्या इन्सुलेशनने बुजवा. कागद कोंबू नका. नवा डबा लहान आहे म्हणालात, म्हणजे जुना मोठा होता तेव्हा भोक झाकलं जात असेल. ते वर्तुळ नुसतं दिसायला वाईट नाही, उपयोगाचा पुरावा आहे.

सेलविषयी एक विचारतो, रागवू नका. घातले ते नवे होते का? चांगले सेल वर्षभर सहज जातात.

अर्धीझोप:

काका, (काका म्हटलं तर चालेल ना? आणि मला अहो-जाहो नको) सेल रिमोटमधले काढून घातले होते. हे मी घरात कोणालाही सांगितलेलं नाही.

पट्टी हलली नाही. नाचली.

पैपैचाहिशेब:

मला मुळातच हा खटाटोप पटत नाही. रात्री घर गार होऊ द्यायचं आणि सकाळी तेच पुन्हा तापवायचं. वाचवलेला गॅस सकाळी जातोच की! त्यापेक्षा एका आकड्यावर ठेवा आणि स्वस्थ झोपा.

जुनापेचकस:

हा प्रश्न मला माझ्या मुलानेही विचारला होता, त्याला बादलीने समजावलं. तळाला भोक पडलेली बादली घ्या. काठोकाठ भरलेली असेल तर धार जोरात, अर्धी असेल तर हळू. घराची ऊब अशीच गळते. आतलं आणि बाहेरचं तापमान यांत जितका फरक, तितकी गळती. रात्री घर १६ वर असताना आठ तास धार बारीक राहिली. सकाळी बादली पुन्हा भरायला लागतं ते पाणी तुम्ही रात्री भरलं नव्हतंच, तिथे हिशोब फिटतो. पण मधल्या तासांत जे कमी गळलं ते तुमचं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा अंदाज असा की दिवसातले आठ तास ४ ते साडेपाच अंश खाली ठेवलं तर वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होते. 'पर्यंत' हा शब्द तिथे महत्त्वाचा.

तुमच्या शंकेला दुसऱ्या बाजूने मात्र आधार आहे. तिथल्याच पर्यावरण संस्थेने वेळापत्रकवाल्या थर्मोस्टॅटना दिलेलं एनर्जी स्टारचं, म्हणजे ऊर्जा वाचवणाऱ्या वस्तूंवरचं, चिन्ह २००९ च्या अखेरीस काढून घेतलं. यंत्र चांगलं असून घरोघरी बचत दिसेना. लोक वेळापत्रक लावतच नव्हते, किंवा लावलेलं मोडत होते. अर्धीझोपच्या सासऱ्यांसारखे लोक.

आणि त्यावरून अर्धीझोप, तुझी तिसरी तक्रार. तुमची फर्नेस एकाच जोराने चालणारी दिसते. तिला चालू आणि बंद एवढंच कळतं. २६ लावलं म्हणून ती जास्त जोरात पेटत नाही, २० ला ज्या वेगाने जाते त्याच वेगाने जाते, फक्त तिथे थांबत नाही. नळ जास्त सोडल्यासारखं वाटतं, पण तो नळ नाही, दिव्याचं बटण आहे.

बटणांमध्ये दोन प्रकार असतात. नुसता बाण दाबून आकडा बदलला तर तो पुढच्या वेळेपर्यंतच टिकतो, म्हणजे दुपारी बदललेला साडेपाचला आपोआप सुटतो. 'होल्ड' दाबलं की मात्र कायमचं, कोणी 'रन' दाबेपर्यंत. त्यांचा अंगठा होल्डवर पडतोय. स्क्रीनवर तसं लिहूनही येतं, पण बारीक.

निळी वायर वाया घालवू नकोस. तुझ्या नव्या थर्मोस्टॅटच्या पाटावर सी अक्षर असेल तर तीच तिची जागा. फर्नेसच्या बोर्डावर सी आणि भिंतीवर सी, दोन्ही टोकं जोडली की थर्मोस्टॅटला २४ व्होल्टचा कायमचा पुरवठा मिळतो आणि सेल नुसते आधाराला राहतात. घर बंद करून आठवडाभर गेलात, सेल संपले, फर्नेस थांबली आणि नळ गोठून फुटले, असं व्हायला नको. (जाताना १२-१३ अंशांवर ठेवून जा, बंद करून नव्हे.)

फक्त एक. आर आणि सी एकमेकांना चुकूनही लागता कामा नयेत. आणि ब्रेकरवरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नकोस. पाडल्यावर थर्मोस्टॅट वर करून बघ, फर्नेस खरोखर मेली आहे का ते. फर्नेसजवळ भिंतीवर दिव्याच्या बटणासारखं एक बटण असतं, ते बंद करणं सगळ्यांत बरं.

हिवाळीगोगलगाय:

मधेच घुसते. आमच्याकडे गॅस नाही, हीट पंप आहे, उलट्या चालवलेल्या एसीसारखा विजेवर घर तापवणारा. हेच वेळापत्रक लावू का?

जुनापेचकस:

तसंच नको. रात्री चार अंश खाली नेलंत की सकाळी पंपाला चढण झेपत नाही, तो मदतीला विजेची कॉइल बोलावतो आणि रात्रभराची बचत ती तासाभरात खाते. एखाद-दोन अंशांवर भागवा. किंवा हीट पंप ओळखणारा थर्मोस्टॅट घ्या, जो हळूहळू आणि कॉइल न लावता चढतो. तुमच्याकडे ओ किंवा बी अशी जास्तीची वायरही असेल, गरम-थंड दिशा बदलणारी. ती डब्ल्यूवर जोडू नका.

आणि कोणाच्या भिंतीतून बारीक वायरींऐवजी दोन-चार जाड वायरी, टोप्या घातलेल्या, बाहेर आल्या तर तिथेच थांबा. ते विजेच्या हीटरचं, थेट घरातल्या पूर्ण व्होल्टेजचं काम आहे, २४ व्होल्टचा थर्मोस्टॅट तिथे लावायचा नाही.

अर्धीझोप:

दहा दिवसांनी हजेरी. काका, आधी माझं पाप ऐकून घ्या.

भोक शनिवारी बुजवलं. पुट्टीचा गोळा, दोन मिनिटांचं काम. त्या रात्री वारा होता म्हणून मुद्दाम जागी राहिले. थर्मोस्टॅट १६, कपाटातलं तापमापक १६ आणि थोडं वर. फर्नेस गप्प. इतकी शांतता की मला झोपच येईना.

रविवारी निळी वायर. खाली फर्नेसचं झाकण काढलं, बोर्डावर सी सापडलं, लाल-पांढऱ्याच्या शेजारीच. जोडली, झाकण लावलं, वर आले. तुम्ही सांगितलेलं बटण बंद करायला हवं होतं, मी 'फर्नेस' लिहिलेला ब्रेकरच पाडला होता. तपासलं नाही. निळीचं सोललेलं टोक वळवताना आरच्या स्क्रूला टेकलं. ठिणगी नाही, आवाज नाही, काहीच नाही. म्हटलं चला, झालं.

मग स्क्रीनवर ज्योतीचं चित्र लुकलुकतंय आणि खाली शुकशुकाट. अर्धा तास. पाऊण तास. सासरे येऊन विचारून गेले, "तुझं यंत्र आज सुट्टीवर आहे का?" परत खाली गेले, झाकण उघडलं, आणि बोर्डावर गाडीत असतो तसा जांभळा छोटा फ्यूज, ३ लिहिलेला, आतली तार तुटलेली. नवा आणून बसवला. तरी चालू होईना! रडायचीच बाकी होते. तेव्हा लक्षात आलं की झाकण नीट बसलं नाही तर आतलं एक बटण दाबलं जात नाही आणि सगळं बंद राहतं. झाकणाला बुक्की मारली, फर्नेस सुरू.

ब्रेकरची चिठ्ठी चुकीची होती. तो वरच्या बाथरूमचा निघाला. म्हणजे पहिल्या वेळी, अक्षरं जुळवत पंधरा मिनिटं बसले होते तेव्हाही, सगळं चालूच होतं. चिठ्ठी आता बदलली आहे.

पहाटेचं सेटिंग मी बंद केलं नाही. सकाळची वेळ साडेसहा केली. फर्नेस आता साधारण पावणेसहाला सुरू होते, तेव्हा मी अर्धी जागी असतेच.

सासऱ्यांशी बोलायला मी घाबरत होते. तुमचं ते नळ नाही, दिव्याचं बटण हे उदाहरण त्यांना सांगून बघितलं, पटलं नाही. मग त्यांना म्हटलं, प्रयोग करू. दोन दुपारी, एकदा २० लावून आणि एकदा २६ लावून, १८ पासून १९ ला पोहोचायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघू. त्यांनी स्वतः वहीत लिहिलं. पहिल्या दिवशी २२ मिनिटं, दुसऱ्या दिवशी २३. 'दुसऱ्या दिवशी बाहेर जास्त गार होतं' असं म्हणाले. तेवढ्यात मी होल्डच्या बटणावर कागदी टेप चिकटवली.

एकच उरलं. तो जुना गोल अजून ड्रॉवरमध्ये पडून आहे. कचऱ्यात टाकू ना?

जुनापेचकस:

नको! आत पारा आहे. कुपी फोडू नकोस, अख्खा डबा तसाच घट्ट झाकणाच्या बरणीत ठेव आणि घातक कचरा घेतात तिथे दे. तोवर मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी.

आणि टेप काढ. तू गावाला जाशील तेव्हा तुला होल्ड लागणार आहे.

अर्धीझोप:

टेप सासऱ्यांनी कालच काढली. पण होल्ड दाबलेलं नाही, बघितलं मी. नुसता बाण दाबून २१ करतात आणि साडेपाचला यंत्र परत २० करतं का ते बघत खुर्ची टाकून बसतात.